चंद्रपूरच्या धुरासाठी सूट मागू नका : महानिर्मिती आणि प्रदूषण मंडळाला खुलं पत्र

प्रति,
महानिर्मितीचे (राज्याच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचे) संचालक मंडळ,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी,
आणि चंद्रपूर जिल्ह्याचे सगळे लोकप्रतिनिधी

नमस्कार,

सरळ मुद्द्यावर येतो. ११ जुलै २०२५ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांचे अ, ब आणि क असे तीन गट आधीपासून होतेच, या अधिसूचनेने क गटाला, म्हणजे देशातल्या साधारण ७८ टक्के वीजनिर्मिती संचांना, एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड वायू काढून टाकणारं यंत्र, बसवायच्या सक्तीतून मोकळं केलं. दहा लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांच्या १० किलोमीटरच्या आत जी केंद्रं आहेत ती अ गटात, त्यांना सक्ती आहे. आपलं चंद्रपूरचं केंद्र ब गटात बसतं, कारण ब गट म्हणजे अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेचे निकष न पाळू शकलेलं शहर यांच्या १० किलोमीटरच्या आतलं केंद्र, आणि आपण दोन्ही आहोत. ब गटाला सक्ती पण नाही आणि सरसकट माफी पण नाही, एकेका केंद्राचा विचार करून तज्ज्ञ समिती शिफारस करणार आणि मंत्रालय ठरवणार, बसवायचं ठरलं तर मुदत ३१ डिसेंबर २०२८.

त्या समितीपुढे आपल्या केंद्राबद्दल जे कागद जातील ते तुमच्याच टेबलांवरून जाणार आहेत. म्हणून हे पत्र तुम्हाला. मागणी एकच आहे, चंद्रपूरसाठी सूट मागू नका. समिती काय म्हणते त्याची वाटही बघायची गरज नाही, महानिर्मितीने स्वतःहून सांगावं की आम्ही बसवतो, कायदा तुम्हाला कुठेच अडवत नाही.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे एफजीडी म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो कारण हे पत्र गावातले लोकही वाचतील आणि त्यांना हे नीट कळलंच पाहिजे. कोळशात थोडं गंधक असतं. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. चिमणीच्या आधी ईएसपी नावाचं यंत्र असतं, ते विजेच्या भाराने राखेचे कण ओढून घेतं, पण ते फक्त कण धरतं, वायू त्याच्यातून सरळ निघून जातो. एफजीडी म्हणजे त्याच्यापुढचा टप्पा, धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारायचा, वायू त्या चुनखडीशी जुळतो आणि जिप्सम तयार होतं. इतकंच. जगात हे तंत्र कित्येक दशकांपासून चालू आहे, प्रयोग म्हणून कोणी करून बघायची वस्तू राहिलेली नाही.

आता हिशोब. सीटीपीएसची, म्हणजे आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची, आजची क्षमता २९२० मेगावॅट आहे, २१० चे दोन आणि ५०० चे पाच संच. सगळं पूर्ण ताकदीने चाललं तर दिवसाला सुमारे ७ कोटी युनिट वीज होते. एका युनिटला ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. सगळे संच सारखे फुल लोडवर नसतात हे मान्य, म्हणून मी कमी धरून दिवसाला ४० हजार टन म्हणतो. आपल्याकडच्या कोळशात राखच ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रोजची १४ हजार टन राख. गंधक अगदी ०.४ टक्के धरा, तरी १६० टन गंधक झालं, आणि गंधक जळताना स्वतःच्या वजनाएवढा ऑक्सिजन घेतं म्हणून वायूचं वजन दुप्पट होतं. थोडं राखेत राहतं ते सोडून द्या, तरी चांगल्या लोडच्या दिवशी ३०० टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड. रोज. ही आकडेमोड माझी आहे, तुमच्याकडे चिमणीवर ऑनलाइन मीटर बसवलेले आहेत तर तुम्ही खरा आकडा जाहीर करा, माझा चुकीचा निघाला तर मी खुशीने दुरुस्त करीन.

सूट देताना दिल्लीत जे सांगितलं जातं ते मला माहीत आहे. भारतातल्या कोळशात गंधक कमी आहे, चिमण्या २००-२७५ मीटर उंच आहेत, आणि शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मोजला तर तो घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत भरतो, मग कोट्यवधी रुपये काहून घालवायचे. नीरी आणि आयआयटी दिल्लीसारख्या संस्थांच्या अभ्यासांचा आधारही त्यासाठी दिला गेला. संस्था मोठ्या आहेत, त्यांचा मान ठेवूनच बोलतो. पण गंधक कमी आहे हे टक्केवारीत खरं आहे, वजनात नाही. ०.४ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण ते ४० हजार टनाचे ०.४ टक्के आहेत.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा वायू वायू म्हणून राहतच नाही. चिमणीतून निघाल्यावर काही तासांत, काही दिवसांत त्याचं हवेतल्या अमोनियाशी, बाष्पाशी जुळून सल्फेटचे बारीक कण होतात, आणि हे कण पीएम २.५ मध्ये, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांत, मोजले जातात. म्हणजे सल्फर डायऑक्साइडच्या रकान्यात आपण पास, आणि पीएम २.५ च्या रकान्यात नापास, आणि दोन्ही रकाने एकाच धुराचे. उंच चिमणीने काय होतं, तर चिमणीच्या पायथ्याशी वायू कमी भरतो आणि तो लांब जातो, जाता जाता कण होतो. त्यामुळे हे कण एकट्या चंद्रपूरच्या वाट्याला येत नाहीत, यवतमाळ, वर्धा, गडचिरोली, तिकडे तेलंगणात आदिलाबाद, वारा जिकडे असेल तिकडे जातात. फक्त एका वायूच्या आकड्यावर बोट ठेवून सगळं ठीक आहे म्हणणं मला शिक्षक म्हणून पटत नाही, परीक्षेत पोराने असं अर्धं उत्तर लिहिलं तर मी अर्धेच मार्क देतो.

पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसाव्या हिश्शाएवढा कण. नाकातले केस, घसा, कशालाच तो अडत नाही, फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातो आणि तिथून रक्तात. दमा, जुनाट खोकला, सीओपीडी म्हणजे फुफ्फुसाचा कायमचा दम लागणारा आजार, हे लोकांना माहीत असतं, पण हार्ट अटॅक आणि पक्षाघाताशी त्याचा संबंध आहे हे फार कमी लोकांना माहीत आहे, गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरतं हेही माहीत नसतं. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या धुराच्या गटात. लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०१९ या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणामुळे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले, त्यात घरातल्या चुलीचा धूरही धरलेला आहे. आपल्या देशाची पीएम २.५ ची वर्षाची मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ५. म्हणजे आपल्या मर्यादेत असणं यालाही सुरक्षित म्हणता येत नाही, आणि आपण तर त्या मर्यादेतही नीट बसत नाही.

चंद्रपूरचं हे आज निघालेलं नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि चौथं चंद्रपूर, ८३.८८ गुण. ७० च्या वर गेलं की अतिप्रदूषित. २०१० च्या जानेवारीत नवीन उद्योगांवर बंदी आली, ॲक्शन प्लॅन झाला, बैठका झाल्या, पुढे बंदी उठली. २०१८ ला परत मोजलं तर ७६ च्या पुढे, म्हणजे रेषेच्या वरच. मधल्या काळात, २०१५-१६ ला, ५०० मेगावॅटचे दोन नवीन संच सुरू झाले. २०१९ ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला तेव्हा निकष न पाळणाऱ्या शहरांची यादी झाली, तिच्यात महाराष्ट्राची शहरं सगळ्यात जास्त, आणि त्यात आपण आहोतच. एवढ्या याद्यांमध्ये नाव आल्यावर आता जर ब गटातून सूट मिळाली तर मग या याद्या कशासाठी केल्या होत्या हा प्रश्न मला खरोखरच पडतो.

एफजीडीच्या मुदतीचंही बघा. नियम डिसेंबर २०१५ चा आहे. जुन्या संचांमध्ये ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्यांना धुराच्या घनमीटरमागे २०० मिलिग्रॅम, लहानांना ६०० मिलिग्रॅम, असा सल्फर डायऑक्साइडचा निकष, आणि पूर्ण करायचं होतं २०१७ पर्यंत. २०१७ गेलं, मग २०२२ म्हणाले, ते पण गेलं, मग परत पुढे, मग डिसेंबर २०२४ ला अजून तीन वर्षं. आता २०२८. २०१५ ला जी पोरं माझ्या वर्गात आठवीत होती ती आता इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला लागलीत.

पुण्याचं नाव निघालं म्हणून एक सांगायचंय, आणि हे तुमच्यासोबत पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठीही आहे. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एक हाय व्होल्टेज डीसी लाइन आहे, १५०० मेगावॅटची, १९९९ च्या सुमाराला सुरू झाली, ती बांधलीच यासाठी की इकडची वीज तिकडे जावी. वीज जावी, आमची काहीच तक्रार नाही, राज्य एक आहे. पण एफजीडीच्या खर्चाचा विषय निघतो तेव्हा सांगितलं जातं की युनिटमागे २५-३० पैसे वाढतील आणि ग्राहकावर बोजा पडेल. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला हे ५०-६० रुपये होतात, तेही सगळी वीज अशाच केंद्रातून आली असं धरलं तर. राज्याच्या एकूण विजेत वाटलं तर अजून कमी. मला नाही वाटत की डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या माणसाला कोणी समजावून सांगितलं की तुझ्या बिलातले तीस-चाळीस रुपये केंद्राशेजारच्या दुर्गापूर-ऊर्जानगरच्या पोरांच्या फुफ्फुसासाठी आहेत तर तो नाही म्हणेल. त्याला कोणी विचारलंच नाही. आणि खर्च आजही होतोच आहे, फक्त तो वीज बिलात दिसत नाही, मेडिकलच्या बिलात दिसतो, इनहेलरच्या, नेब्युलायझरच्या, नागपूरला छातीच्या डॉक्टरकडे जायच्या बस भाड्याच्या रूपात दिसतो, आणि तो ज्याच्या खिशातून जातो तो माणूस महिन्याला २०० युनिट पण वापरत नाही.

दहा लाखांवरच्या शहराजवळ सक्ती आणि लहान शहराजवळ विचार करू, ही जी विभागणी आहे तीच मला मुळात टोचते. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहर ३ लाख २० हजारांचं होतं. बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती, दुर्गापूर सगळं जोडा तर बरीच वस्ती होते, पण समजा नाही झाली दहा लाख, तर काय. श्वास घेणारा माणूस तोच आहे ना.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या बाजूने आहे आणि तिच्यावर मी कोणाला बोलताना ऐकलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. एफजीडीला लागते चुनखडी आणि त्यातून निघतं जिप्सम. आता जिल्ह्याचा नकाशा काढा. राजुरा आणि कोरपना तालुक्यात चुनखडीच्या खाणी आहेत, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, इकडे घुग्घुसलाही सिमेंट आहे. आणि सिमेंट करताना क्लिंकरमध्ये, म्हणजे भट्टीतून निघालेल्या खड्यांमध्ये, जिप्सम घालावंच लागतं, त्याशिवाय सिमेंट लगेच घट्ट होतं. म्हणजे कच्चा माल आपल्याच जिल्ह्यात आणि जे निघेल त्याचं गिऱ्हाईकही आपल्याच जिल्ह्यात. देशात फार कमी केंद्रांना हे असं जमून येतं. सिमेंटला चालणारी चुनखडी आणि एफजीडीला लागणारी चुनखडी यांच्या शुद्धतेत फरक असतो हे खरं आहे, एफजीडीला जास्त शुद्ध लागते, तर भूगर्भ विभागाकडून तपासून घ्या की कोणत्या खाणीतली चालेल, नाही चालली तर बाहेरून आणा, पण निदान हा विचार कागदावर तरी येऊ द्या. एफजीडीचे तोटे पण सांगतो कारण लपवायचं कारण नाही, केंद्राची स्वतःची एक-दीड टक्का वीज त्यात जाते, पाणी लागतं आणि केंद्राला पाणी देणाऱ्या इरई धरणावर आधीच ताण आहे, चुनखडीतून थोडा कार्बन डायऑक्साइडही निघतो. हे सगळं धरूनही मी बसवा म्हणतो, कारण समोरच्या पारड्यात माणसं आहेत.

पाण्याचाच प्रश्न असेल तर २१० मेगावॅटचे ते दोन जुने संच आहेत, ३ नंबर आणि ४ नंबर, १९८५-८६ चे. चाळीस वर्षांचे झाले. जुना संच त्याच एका युनिट विजेसाठी जास्त कोळसा खातो, जास्त राख काढतो, आणि त्यांना धुराचा निकषही ढिला आहे, सल्फर डायऑक्साइडची मर्यादा लहानांना ६०० मिलिग्रॅम तर मोठ्यांना २००. या दोघांवर एफजीडीचा खर्च करू नका, ते बंद करायची तारीख जाहीर करा. दुपारची वीज आता सौर प्रकल्पांतून वाढतेय, ते तुम्हीच सांगता. ४२० मेगावॅट जुनं काढून उरलेले पाच संच नीट लोडवर चालवले तर पाणी पण वाचेल आणि कोळसा पण. त्या संचांवरच्या कामगारांचं आधी ठरवा, ठेकेदाराकडच्या कामगारांचं तर नक्कीच, कारण कायम असलेल्याला बदली मिळते आणि ठेक्यावरच्याला घरी बसावं लागतं.

आणि हो, सीटीपीएस बंद करा असं मी म्हणत नाहीये. पहिला संच १९८३ ला सुरू झाला तेव्हापासून अर्ध्या शहराची चूल तिच्यावर पेटते. दुकानं, ऑटोवाले, खानावळी, माझ्या वर्गातली कितीतरी पोरं. ज्या बापाच्या पगारावर पोरगा शाळेत येतो त्याच बापाच्या कामामुळे पोरगा खोकतो, ही निवड कोणत्याही घरावर येऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे. आणि यंत्र बसवून ती टाळता येते.

प्रदूषण मंडळाच्या साहेबांना वेगळं सांगायचं आहे, कारण धूर एकट्या चिमणीचा नाही हे मलाही दिसतं. शहराच्या चारी बाजूंनी कोळशाच्या खुल्या खाणी आहेत, लालपेठ, दुर्गापूर, पद्मापूर, भटाडी. ब्लास्टिंगची धूळ, मातीच्या ढिगाऱ्यांची धूळ, उन्हाळ्यात साठवलेल्या कोळशाला आपोआप लागणारी आग आणि तिचा धूर. ताडाळीची एमआयडीसी, घुग्घुसचा पट्टा, पडोली चौकातून जाणारे कोळशाचे ट्रक. ताडपत्री असते पण अर्धी, मागून कोळशाची भुकटी सांडत जाते, मग पुढचा ट्रक तीच भुकटी दळतो आणि मागच्या गाडीवाल्याच्या तोंडात घालतो. रस्त्याची धूळ लोकांना साधी धूळ वाटते पण आपल्याकडे ती कोळसा, राख आणि सिमेंट यांची मिळून असते. याच्यावर उपाय काही चंद्रावरून आणायचे नाहीत. खाणीच्या गेटवर चाकं धुवायची व्यवस्था, ती चालू स्थितीत. खाणीतून केंद्रापर्यंत बंद पाइप कन्व्हेयर जिथे शक्य तिथे, म्हणजे तेवढे ट्रक रस्त्यावरून कमी. रस्त्याच्या कडेची माती पक्की करणं. झाडूने धूळ उडवत झाडण्याऐवजी ओढून घेणारी मशिन, आणि ती रोज, व्हीआयपी दौऱ्यापुरती नाही. राखेच्या बंधाऱ्यावर मार्च ते जून पाणी आणि झाकण, कारण तो वारा सुटला की बंधाऱ्याच्या खालच्या गावात भाताच्या ताटात राख पडते. केंद्राच्या २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे राख १०० टक्के वापरात आणायची आहे, सिमेंटमध्ये, विटांमध्ये, रस्त्यांत, बंद खाणी भरायला, तर दर महिन्याला किती गेली आणि कशातून गेली, उघड्या ट्रकमधून की बंद टँकरमधून, हे लोकांना कळू द्या.

आता सिगडी. हा विषय निघाला की शहरातले सुशिक्षित लोक लगेच म्हणतात की बघा गरीबच प्रदूषण करतात. मला याचा राग येतो. हो, संध्याकाळी दुर्गापूर, लालपेठ, बाबूपेठच्या गल्ल्यांमध्ये कोळशाच्या सिगड्या पेटतात, आणि हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसते, वरची गरम हवा झाकणासारखी राहते, तो धूर वर जातच नाही, सकाळी नऊ-दहापर्यंत गल्लीतच राहतो. सगळ्यात आधी तो त्या सिगडीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो आणि तिच्या मांडीवरच्या लेकरात. ती हौसेने पेटवत नाही, सिलिंडर भरायला एकरकमी पैसे नसतात आणि कोळसा हाताशी असतो. उज्ज्वलाचं कनेक्शन मिळालेलं असतं, दुसरं सिलिंडर भरलेलं नसतं. यावर दंडाची पावती फाडायला कोणी जाऊ नका.

याचा पैसा आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठान म्हणून जो निधी आहे, खाणवाल्यांच्या रॉयल्टीसोबत जमा होतो, तो खाणींनी बाधित झालेल्या लोकांसाठीच आहे, आणि २०१५ च्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत पिण्याचं पाणी, आरोग्य, पर्यावरण आणि प्रदूषण नियंत्रण अशा गोष्टींना पहिला मान दिलेला आहे. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात या निधीत पैसा कमी नाही. लोकप्रतिनिधींनो, हे तुमच्याकडे आहे, प्रतिष्ठानच्या समितीत तुम्ही बसता. त्यातून खाणीजवळच्या वस्त्यांना वर्षाचे सिलिंडर अर्ध्या किमतीत द्या, सिगडी आपोआप विझेल. त्यातूनच मेडिकल कॉलेजमध्ये फुफ्फुसांच्या आजाराची कायमची ओपीडी चालवा, आणि दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा इथल्या शाळांत दरवर्षी पोरांची स्पायरोमेट्री, म्हणजे फुफ्फुसांच्या ताकदीची तपासणी, करा, नळीत फुंकायचं असतं, पाच मिनिटांचं काम. त्याचबरोबर मूल तालुक्यासारख्या खाणींपासून दूरच्या भागातल्या पोरांची पण करा, म्हणजे तुलना होईल. नावं नकोत, फक्त गावनिहाय आकडे जाहीर करा. आज आपण सगळे अंदाजाने बोलतो, डॉक्टर म्हणतात पेशंट वाढले, कंपन्या म्हणतात संबंध सिद्ध नाही. पाच वर्षं हे मोजलं तर वाद तरी संपेल.

मोजण्यावरून अजून एक. मंडळाची हवा मोजायची ऑनलाइन स्टेशनं शहरात आणि खुटाळ्याला आहेत, त्यांचा आकडा मोबाइलवर दिसतो, चांगली गोष्ट आहे. पण चिमणीवर जे मीटर आहेत त्यांचा आकडा तुमच्या सर्व्हरवर जातो आणि सामान्य माणसाला तो शोधून काढायला कॉम्प्युटरचा डिप्लोमा लागतो. तो आकडा जटपुरा गेटवर मोठ्या बोर्डावर लावा. कोणता संच, आत्ता किती धूळ, किती सल्फर, मर्यादा किती. मराठीत. ईएसपीचा एखादा भाग बंद पडला की चिमणीतून काळं निघताना आम्हाला घरून दिसतं, पण त्या वेळी मीटर काय दाखवत होता ते कधीच कळत नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेड, परभणीकडून लाखो लोक येतात, उन्हात, झरपट नदीच्या काठावर राहतात, त्यांनाही कळू द्या आपण कोणत्या हवेत चार दिवस राहणार आहोत.

दिल्लीत हवा बिघडली की टप्प्याटप्प्याने काय बंद करायचं याचा लेखी आराखडा आहे. तो किती पाळला जातो यावर वाद होऊ शकतो, पण निदान आहे. आपल्याकडे एखादा आठवडा हवा फारच खराब झाली तर कोण काय बंद करणार हे कोणालाच माहीत नाही. ब्लास्टिंग थांबणार का, ट्रक थांबणार का, जुने संच खाली आणणार का, शाळांचं मैदान बंद ठेवायचं का हे मुख्याध्यापकाला कोण सांगणार. डिसेंबर उजाडायच्या आधी जिल्हाधिकारी, मनपा, वेकोलि (कोळसा खाणी चालवणारी सरकारी कंपनी), महानिर्मिती आणि मंडळ यांनी एकत्र बसून चार पानांचा आराखडा केला तरी पुरेल, फक्त त्यात प्रत्येक कामापुढे एका अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असलं पाहिजे.

लोकप्रतिनिधींना एक शेवटचं. तुमचा पक्ष कोणताही असो, निवडणुकीत सगळ्यांनी प्रदूषणमुक्त चंद्रपूर म्हटलेलं आहे, बॅनर आम्ही वाचलेत. आता त्याला एक साधी परीक्षा आहे. विधानसभेत एक प्रश्न टाका आणि लोकसभेत एक प्रश्न टाका. विधानसभेत विचारा की चंद्रपूर केंद्राच्या पाच मोठ्या संचांसाठी महानिर्मितीने एफजीडीबद्दल काय निर्णय घेतला, कोणत्या तारखेला, आणि सूट मागितली असेल तर त्या अर्जाची प्रत पटलावर ठेवा. लोकसभेत विचारा की ब गटातल्या केंद्रांचा निर्णय घेताना समिती त्या शहरातल्या लोकांचं ऐकणार आहे का, जनसुनावणी चंद्रपूरला होणार की सगळं दिल्लीत बंद खोलीत. नवीन प्रकल्प आणायचा तर जनसुनावणी लागते, मग असलेल्या प्रकल्पाचा धूर न धुता सोडायला परवानगी द्यायची तर लोकांना काहून विचारायचं नाही?

महानिर्मितीला लेखी विचारतो आहे, उत्तरही लेखी द्या. सूट मागणार आहात का, हो किंवा नाही. नाही असेल तर निविदा कधी, काम सुरू कधी, पहिल्या संचाचं एफजीडी चालू कधी. हो असेल तर कारणं, आणि त्या कारणांसोबत गेल्या पाच वर्षांचा चिमणीवरच्या मीटरचा महिन्यागणिक आकडा. उत्तराची एक प्रत मनपाच्या गांधी चौकातल्या नोटीस बोर्डावर लावा म्हणजे सगळ्यांना वाचता येईल, मी आणि माझ्यासोबत सह्या करणारे काही शिक्षक, डॉक्टर आणि पालक येत्या पंधरवड्यात हेच पत्र छापील स्वरूपात तुमच्या तिन्ही कार्यालयांत आणून देणार आहोत, आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघणार नाही.

आपला,
चंद्रपूरचा एक शिक्षक